भिंतीवरचे बाण उतरवा

माझ्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, एकोणीस बाण लावलेले होते. चार वर्षांत जमवलेले. काही प्रदर्शनांत घेतले, बरेचसे ऑनलाइन मागवले. सगळ्यात स्वस्त ४५० रुपयांचा, सगळ्यात महाग २,४०० चा. व्हिडिओ कॉलवर ते माझ्या डोक्यामागे दिसायचे. टीममधलं कुणी विचारलं की मी "आमच्या विदर्भाकडचे" असं ठोकून द्यायचो. त्यातले किती विदर्भाकडचे होते, देव जाणे.

आता त्या भिंतीवर एकही बाण नाही. हा लेख त्या भिंतीविरुद्ध आहे. माझ्याच पगारातून सजलेली ती भिंत. तुमच्या घरात तशी असेल तर तुमच्याही भिंतीविरुद्ध.

मी किन्हीराजाचा. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. इंजिनिअरिंग केलं आणि सगळे जातात तसा पुण्याला आलो. मागच्या वर्षी माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे पंधरा दिवस राहिले. पट्टी निघाल्यावर त्यांना घरातली पहिली गोष्ट नीट दिसली ती भिंत. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे कायच्यासाठी लावले बाबू?"

"शोभेसाठी."

"मंग ठीक हाय. सोडाले असते त पंचाईत झाली असती."

मला राग आला. मी म्हटलं, अस्सल आहेत, हाताने केलेले आहेत. त्यांनी एक बाण उतरवायला लावला. बोटावर तोलून पाहिला, तो पिसांच्या बाजूला कलला. "पुढून जड पाह्यजे," म्हणाले. मग फरशीवर घरंगळत सोडला. सरळ दांडी फरशीवर गुपचूप फिरते. ही टकटक करत, उड्या मारत गेली. असे एकोणीसच्या एकोणीस तपासले. चौदा बाद. ते बाण नव्हतेच, बाणाच्या आकाराच्या काड्या होत्या. पिसं एकावर डाव्या पंखाची, एकावर उजव्या, काहींवर दोन्ही मिसळून. खाच इतकी उथळ की दोरीवर बसणारच नाही. ते सोडण्यासाठी कुणी केलेच नव्हते, विकण्यासाठी केले होते.

उरलेले पाच खरे होते. आणि त्या पाचांना मीच मारलं होतं. ते चकाकावेत म्हणून मी त्यांच्यावर वॉर्निशचे दोन हात दिले होते. पिसं चिकटून पापडासारखी कडक झाली होती. पातं आणि दांडी जिथे बांधलेली होती तिथला दोराही वॉर्निशखाली गेला होता. बांधणी कशी केली आहे, हे आता त्यावरून कळणार नव्हतं.

म्हणजे संग्राहक म्हणून मी दोन कामं केली होती. खोट्या मालाला गिऱ्हाईक मिळवून दिलं आणि खरा माल खराब केला.

*

आता तुम्ही म्हणाल, काडी ती काडी, त्यात एवढं काय? मलाही तसंच वाटायचं. म्हणून थोडं यंत्राचं बोलतो.

बाण धनुष्यातून सुटतो तेव्हा तो सरळ जात नाही. दोरीचा धक्का मागून बसतो आणि दांडी वाकते, मग उलट्या बाजूला वाकते, आणि अशी लवत लवत ती धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे निघते. दांडी जास्त ताठ असेल तर एका बाजूला जाते, जास्त लवचिक असेल तर दुसऱ्या बाजूला. म्हणजे दांडीचा ताठपणा त्या विशिष्ट धनुष्याशी जुळावा लागतो. बाण एकटा चांगला किंवा वाईट नसतो, तो कुठल्यातरी धनुष्याचा असतो.

लाकडी दांड्यांचा हा ताठपणा मोजायची एक जुनी पद्धत आहे. २६ इंचांवर दोन टेकू ठेवायचे, दांडी त्यावर आडवी ठेवायची, मधोमध दोन पौंड वजन टांगायचं आणि दांडी किती इंच खाली आली ते बघायचं. २६ ला त्या इंचांनी भागलं की किती पौंडांच्या धनुष्याला ती दांडी चालेल ते कळतं. ०.६५ इंच वाकली तर ४० पौंड. दोन पौंड म्हणजे साधारण ९०७ ग्रॅम. मी पाण्याची बाटली किचनच्या काट्यावर ९०७ ग्रॅम होईपर्यंत भरली, दोन खुर्च्या २६ इंचांवर लावल्या आणि बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या तीस दांड्या मोजायला बसलो. एक ०.५ इंच वाकली, दुसरी ०.९५. म्हणजे एक ५२ पौंडांची, एक २७ ची. एकाच गठ्ठ्यातल्या, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या.

मोठेबाबा सोफ्यावरून बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी त्याच तीस दांड्या घेतल्या. एकेक दांडी जमिनीला टेकवायची, वरून तळव्याने दाबायची, बाजूला ठेवायची. पाच मिनिटांत चार ढीग. मी माझे आकडे लावून पाहिले. त्यांच्या सगळ्यात मोठ्या ढिगात सात दांड्या होत्या आणि त्या सातांमधला फरक ०.०६ इंचांच्या आत होता. मला दोन तास लागले होते.

पुढचे दोन दिवस मी प्रश्न विचारत होतो आणि ते सांगत होते. बांबू मानवेल घ्यायचा, कोवळा नाही, निदान तीन वर्षांचा. पावसाळा सरल्यावर तोडायचा. उन्हात नाही, सावलीत वाळवायचा, आणि घाई करायची नाही. वाकडा असेल तर निखाऱ्यावर फिरवत गरम करायचा आणि गरम असतानाच सरळ करायचा. गाठी घासायच्या, पण सालीचा भाग तासायचा नाही, कारण बांबूचा जोर त्या सालीत असतो. खाच गाठीजवळ घ्यायची म्हणजे दांडी चिरत नाही. एका बाणाला पिसं एकाच बाजूच्या पंखाची, म्हणजे सगळ्यांचा वळ एकीकडे राहतो आणि बाण फिरत जातो.

माझ्या व्यवसायात अशा माहितीला डॉक्युमेंटेशन म्हणतात. ती नसली की एक माणूस कंपनी सोडून गेल्यावर अख्खी सिस्टिम बंद पडते. माझ्या भिंतीवरच्या एकोणीस वस्तूंपैकी एकीवरही यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. 'हँडमेड ट्रायबल ॲरो' एवढंच. कुठल्या जमातीचा, कुठल्या गावचा, कुणी केला, काही नाही.

*

"पण संग्रह केल्यामुळे निदान वस्तू वाचते ना?" हा युक्तिवाद मी स्वतः अनेकदा केलेला आहे, म्हणून त्याला उत्तरही मीच देतो.

बाण ही संपणारी वस्तू आहे. तो मोडतो, हरवतो, दगडावर आदळून त्याचं टोक जातं. म्हणून तो करणारा माणूस सतत करत राहावा लागतो. बाण वाचतो तो रोज सोडला जातो म्हणून.

शिलाँगमध्ये बघा. तिथे तीर नावाचा खेळ आहे. खासी तिरंदाज ठरलेल्या वेळी जमतात, गवताच्या निशाण्यावर शेकडो बाण सोडतात, आणि लागलेल्या बाणांच्या संख्येचे शेवटचे दोन आकडे कोणते येतील यावर लोक पैसे लावतात. मेघालय सरकारने १९८२ मध्ये त्याला कायद्याच्या चौकटीत आणलं. जुगाराची वकिली मला करायची नाही. पण इतके बाण रोज सोडायचे तर कुणीतरी ते रोज करावे लागतात, एवढं साधं गणित त्यात आहे. भूतानमध्ये तिरंदाजी हा राष्ट्रीय खेळ आहे, निशाण सुमारे १४५ मीटरवर असतं. तिथेही कंपाउंड धनुष्यं आली. तरी बांबूच्या धनुष्यांच्या स्पर्धा त्यांनी वेगळ्या चालू ठेवल्या.

आणि आपल्याकडे? नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून उभा आहे. संग्रहालयाला मी नावं ठेवत नाही, त्याचं काम जपण्याचं आहे आणि ते व्हायलाच हवं. पण काचेमागच्या बाणावरून आकार कळतो. तळव्याने दाबून ताठपणा कसा ओळखायचा ते काचेतून कळत नाही. माझा फ्लॅट तर संग्रहालयही नव्हता. तिथे नोंद नव्हती, तारीख नव्हती, अभ्यासक येणार नव्हता. नुसतं वॉर्निश होतं.

*

मग ही कला गेली कशी? याला आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: "नव्या पोरांना आवड नाही." हे उत्तर फार सोयीचं आहे, कारण त्यात कुणाचाच दोष नसतो.

मी लहान असताना किन्हीराजात आम्ही पोरं तीरकमठा करायचो. बांबूच्या कामटीचं धनुष्य, सुतळीची दोरी, तुराटीचा बाण, पुढे बाभळीचा काटा. शाळेत एकदा माझ्या दप्तरात तो सापडला. गुरुजींनी वर्गासमोर मोडला आणि म्हणाले, "जंगली आहेस का?" काटा लावलेला बाण वर्गात आणणं चूकच होतं. पण ते धोक्याचं बोलले नाहीत. ते 'जंगली' म्हणाले. त्या दिवसानंतर मी तीरकमठा केला नाही, आणि पुढे पंधरा वर्षांनी तीच वस्तू २,४०० रुपये देऊन भिंतीवर लावली. जंगली म्हणून जी फेकायला लावली, तीच एथ्निक म्हणून विकत घेतली. ही आवड गेल्याची गोष्ट आहे की लाज घातल्याची?

आता कायद्याचं बघू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण स्पष्ट लिहिलेला आहे. परवानगीशिवाय तो घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. आमच्याच जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य घ्या, तिथेही हाच नियम. तो बरोबर आहे. शिकार परत यावी असं मला अजिबात वाटत नाही. रोही आणि रानडुकरं आमच्या शेताची काय नासाडी करतात ते मला माहीत आहे, तरीही नाही. पण शिकार बंद करताना त्या हातांना दुसरं काय काम द्यायचं, याचा विचार कुणी केला नाही.

बांबूचंही तेच. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत गणलं होतं. वनस्पतिशास्त्रात तो गवत आहे. जंगलाबाहेरच्या बांबूला या व्याख्येतून सोडवायला २०१७ ची दुरुस्ती यावी लागली. जंगलातल्या बांबूवर गावाचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला, पण तो प्रत्यक्षात यायला गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २०११ पर्यंत झगडावं लागलं, तेव्हा कुठे वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ज्याला कच्चा माल तोडायलाच भीती वाटते, तो कारागीर कसा टिकणार?

म्हणून 'आवड नाही' हे उत्तर मला मान्य नाही.

*

आता सगळ्यात अवघड भाग. तो माझ्या घरचा आहे.

मोठेबाबांना हे सगळं कुणी शिकवलं, हे मी तिसऱ्या दिवशी विचारलं. खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. ते म्हणाले, आपल्या सालदारानं. साठच्या दशकात आमच्याकडे सालाने राहिलेले एक आंध आदिवासी गृहस्थ होते. जागलीला जाताना ते बाण करायचे, मोठेबाबा शेजारी बसायचे. मी वडिलांना फोन करून त्यांचं नाव विचारलं. वडिलांना आठवेना. "सालदारच म्हणायचो रे आपण सगळे." मोठेबाबांना मात्र नाव ठाऊक होतं.

ऑनलाइन विकणाऱ्याने करणाऱ्याचं नाव लिहिलं नाही म्हणून मी इतका तावातावाने बोलत होतो. आमच्या घराने तेच केलं होतं, आणि ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांच्या बाबतीत केलं होतं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यांच्या नातवाला भेटलो. जेसीबी चालवतो, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. मी म्हटलं, तुमच्या आजोबांच्या कलेवर लिहायचं आहे. तो आधी हसला. मग म्हणाला, "माह्या बापाले येते अजून. पण करन कोणासाठी?" मी म्हटलं, मला शिकायचंय. त्यावर तो जे बोलला ते मी तसंच लिहितो: "शिकवतीन. पण फुकट नाही, दादा. आज्यानं तुमच्या घरी फुकटच शिकवलं."

त्याच्या आजोबांचं नाव मी इथे छापत नाही. छापायचं की नाही हे तो वडिलांना विचारून सांगणार आहे, आणि तो अधिकार त्यांचा आहे.

त्याच्या वडिलांकडे मी दोन दिवस बसलो. दर दिवसाचे २,४०० रुपये दिले. हा आकडा मी मुद्दाम ठरवला. माझ्या भिंतीवरच्या सगळ्यात महाग काडीची तीच किंमत होती. मजुरी म्हणून नाही, शिकवणीची फी म्हणून. कोडिंगच्या क्लासला आपण याहून जास्त देतो आणि तिथे पावती मागतो.

*

"ठीक आहे, पण या बाणांचं आज करायचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: खेळात वापरायचे.

देशातल्या तिरंदाजीत 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे. बांबूचं किंवा लाकडाचं धनुष्य, साधे बाण, निशाणाला भिंग नाही. अंतरं ३० आणि ५० मीटर. शालेय स्पर्धांमध्येही तो असतो. गावाकडच्या पोरांना परवडणारा हा तिरंदाजीचा एकमेव दरवाजा. पण तो दरवाजा ज्या खोलीत उघडतो तिला पुढे दार नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हा प्रकार नाही. ऑलिंपिकमध्ये आजवर रिकर्व्ह होतं, २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येईल. म्हणजे बांबूच्या धनुष्यावर जिंकलेल्या पोराला आपण सांगतो, शाब्बास, आता लाख-दोन लाखांचं परदेशी साहित्य घे. ज्याला जमतं तो पुढे जातो. बाकीचे परत शेतात.

गैरसमज नको. शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी बर्लिनमध्ये नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी एकाच दिवशी जगज्जेते झाले, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. तिघेही कंपाउंडवाले. कार्बनचा बाण लाकडी बाणापेक्षा सरस आहे, यात वाद नाही. माझ्या बाटलीच्या काट्यावरही तेच सिद्ध झालं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जगातल्या बड्या तिरंदाजांच्या भात्यात ज्या अमेरिकन ईस्टन कंपनीचे बाण असतात, तिचा संस्थापक डग ईस्टन याने १९२२ मध्ये सुरुवात लाकडी बाण करूनच केली. दांड्यांतला फरक त्याला छळत होता, म्हणून तो पुढे ॲल्युमिनियमकडे वळला. लाकडाच्या खोड्या हातांनी ओळखल्या म्हणूनच पुढचा बाण सुचला. आपण ती पायरी गाळली. आपण आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना एकलव्याचं नाव देतो आणि बाण विकत आणतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इंडियन राउंडच्या स्पर्धेत खेळाडूने निदान काही बाण स्वतः केलेले असावेत आणि त्यालाही गुण असावेत. ते शिकवायला त्या भागातला जाणकार माणूस मानधनावर बोलवावा, आणि त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापावं. पिसं कोंबडीची घ्यावीत, रानपाखरांना हात लावू नये. आणि हा प्रकार शिडीची पहिली पायरी म्हणून नाही, भूतानसारखा स्वतंत्र खेळ म्हणून मोठ्या वयापर्यंत चालू ठेवावा, बक्षिसांसकट. याला धोरण लागेल, पण फार पैसा लागणार नाही.

आणि तुमच्याकडून? विकत घ्यायचाच असेल तर आधी पाच गोष्टी विचारा: कुणी केला, कुठल्या गावात, बांबू कुठला, कुठल्या धनुष्यासाठी, आणि करणाऱ्याला यातले किती मिळाले. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका. मिळालाच खरा, तर वॉर्निश लावू नका. आणि जमलं तर बाण घेण्याऐवजी एक दिवसाची शिकवणी घ्या.

मी आतापर्यंत अकरा बाण केले. सहा नीट जातात. दोन तुरीत हरवले. मोठेबाबांना आता स्वच्छ दिसतं, पण त्यांचे हात थरथरतात, दोरा बांधता येत नाही. मी बांधतो, ते चुका सांगतात. दोन महिन्यांत माझ्या वहीत एकेचाळीस नोंदी झाल्या आहेत. पहिल्या पानावर करणाऱ्याच्या नावासाठी जागा सोडली आहे. नातवाचा फोन यायचा आहे.